बांधल्यावर एकवीस दिवस

सौंसरला राहायला आले त्याच्या एकविसाव्या दिवशी सकाळी घरमालक माझ्या दारात येऊन उभे राहिले. डोळे बारीक करून त्यांनी माझा चेहरा न्याहाळला, "धरलं" म्हणाले आणि लंगडत लंगडत संत्र्याच्या रोपांमध्ये निघून गेले. मी तोंडात ब्रश धरून तशीच उभी. तोवरचे वीस दिवस हा माणूस माझ्याशी एक अक्षर बोलला नव्हता. खोलीची किल्लीसुद्धा काकूंच्या हातून दिली होती. मला आपलं वाटत होतं की पांढुर्ण्याच्या बाईला खोली दिल्याचा म्हाताऱ्याला पस्तावा होतोय, आणि मीही मनातल्या मनात दोन-चार ठेवणीतल्या शिव्या तयार ठेवल्या होत्या.

काकूंनी मग हसत हसत उलगडा केला. "तुमच्यावर राग नोहता जी मॅडम. थे नव्या कोनत्याच गोष्टीले एकवीस दिवस हात नाई लावत. नवी चप्पल आनली तं एकवीस दिवस खुंटीले टांगून ठेवते. आमचं लग्न झालं तवा तं इचारूच नका!" आणि पदर तोंडावर घेऊन आत पळाल्या, साठीची बाई.

काकाजी कलमं बांधायचे. सगळं सौंसर त्यांना काकाजीच म्हणे, खरं नाव मतदार यादीत असेल तेवढंच. जंबेरी नावाचं आंबट, रानटी लिंबू असतं, त्याचं रोप, म्हणजे खुंट, बोटाएवढं जाड झालं की जमिनीपासून वीतभर उंचीवर त्याच्या सालीला चाकूनं चीर द्यायची, चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा एक डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, अलगद काढून त्या चिरेत सरकवायचा आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची. याला डोळा बांधणं म्हणतात. चीर आणि डोळा काकाजींचा, पट्टी आणि पाणी काकूंचं. चाळीस वर्षं अशी वाटणी होती. आधी दुसऱ्यांच्या बागांमध्ये मजुरीनं, मग लोधीखेड्याच्या रस्त्यावर घेतलेल्या या स्वतःच्या तुकड्यावर. बांधल्यावर एकवीस दिवस हात लावायचा नाही. एकविसाव्या दिवशी पट्टी सोडायची. डोळा हिरवा असला तर धरला, काळा पडला तर गेला.

हा नियम त्यांनी रोपांवरून उचलून सगळ्या जगाला लावला होता. चष्म्याची दांडी मोडली, बांध पट्टी. पाण्याचा पाइप फुटला, बांध पट्टी. माझ्या छत्रीची काडी तुटली तर दुसऱ्या दिवशी छत्री पट्टीत गुंडाळून दाराला टांगलेली, आणि वर ताकीद, "एकवीस दिवस उघडाची नाई." जुलै महिना होता, तरी मी भिजत शाळेत गेले. गणित शिकवणारी बाई मी, मला प्रत्येक गोष्टीला कारण लागतं, पण या माणसापुढे माझं गणित चाललं नाही.

माणसांनाही ते असेच ओळखायचे. रस्त्यानं कुणी गेलं की मान वर न करता सांगायचे, "हा जंबेरीवरचा. कितीबी ऊन पडो, हलनार नाई." कुणाच्या लग्नाची पत्रिका आली की म्हणायचे, "खुंट चांगला हाये, डोळा कसा हाये माहीत नाई." मला म्हणाले होते, "तुम्ही गोटमारवाल्या गावच्या, पोळ्याले एकमेकाईले दगडं मारनाऱ्या. तुमचा खुंट मजबूत हाये. पन डोळा दुखावलेला होता, म्हून मी बोललो नाई." हे ऐकून मात्र मला भरून आलं होतं. आई गेल्यावर पांढुर्ण्याचं घर मला खायला उठायचं म्हणून मी बदली मागून घेतली होती, आणि हे मी सौंसरमध्ये कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

खुर्चीवर ते बसायचे नाहीत. जन्मात नाही. विहारात वंदनेला सगळ्यात पुढे जमिनीवर मांडी, घरी जमिनीवर, आणि वाफ्यात दिवसभर उकिडवे. हिवाळ्यातल्या दुपारी मी शाळेतून आले की ते दोघं वाफ्यात दिसायचे. ऊन पिवळं, मऊ. चिरलेल्या सालीचा तो कडवट-गोड वास सगळ्या आवारात भरून राहिलेला. काकाजी एकेका रोपापुढे सरकत जायचे, मागून काकू पट्टी गुंडाळत यायच्या, आणि दोघांमध्ये एक शब्द नाही. कधीकधी काकाजी उकिडवे बसल्या बसल्याच डुलकी घ्यायचे, चाकू हातात तसाच. काकू थांबायच्या. जागे झाले की पुढच्या रोपाला चीर. मी पायरीवर वह्या तपासायला बसायची आणि एकही वही तपासून व्हायची नाही. आजही कधी मन सैरभैर झालं की मी डोळे मिटून त्या पायरीवर जाऊन बसते.

पण ते लंगडणं. मी आले तेव्हापासून होतं. डावा गुडघा दुखतो म्हणायचे. चार वर्षं त्या गुडघ्याची सेवा चालली होती. तेल झालं, पट्टा झाला, रुईची पानं झाली, कुणीतरी इंजेक्शनं दिली. अर्थात त्याला पट्टी बांधून एकवीस दिवसही झाले होते. गुडघा काही ऐकेना. शेवटी मी माझा शाळेतला आवाज काढला आणि त्यांना सौंसरच्या दवाखान्यात नव्यानं आलेल्या डॉक्टरीणबाईकडे घेऊन गेले.

तिनं त्यांना आडवं केलं. गुडघा वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला. काकाजी छताकडे बघत स्वस्थ. मग तिनं मांडी पोटाकडे घेतली आणि पाऊल हळूच बाहेरच्या बाजूला वळवलं. काकाजींनी अशी आरोळी ठोकली की बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले.

"गुडघा चांगला आहे तुमचा," डॉक्टरीणबाई म्हणाली. "दुखणं खुब्यात आहे. जांघेतून खाली उतरतं आणि गुडघ्यात जाणवतं."

फोटो काढला. तिनं तो उजेडावर धरून दाखवला. मांडीच्या हाडाचं वरचं टोक चेंडूसारखं गोल असतं, ते कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतं. दोघांवरही गुळगुळीत अस्तर असतं. उजव्या बाजूला चेंडू आणि वाटी यांच्यामध्ये काळी फट स्वच्छ दिसत होती. डाव्या बाजूला फट नव्हतीच. अस्तर झिजून हाडावर हाड घासत होतं, आणि चेंडूचा गोलावाही गेला होता.

मला राहवेना. "काकाजी, तुम्हीच सांगता ना शेतकऱ्यांना? पानं पिवळी पडली की पानावर फवारे मारत बसता, बिमारी मुळात असते म्हणून?"

काकाजी घरापर्यंत लंगडत आले. फाटकाशी थांबले आणि एकदम हसत सुटले. "चार वर्सं, मॅडम! चार वर्सं म्या पानावर फवारा मारून राह्यलो!"

पुढची दोन वर्षं गोळ्या, व्यायाम आणि काठी. काठीसुद्धा ते दुखऱ्या बाजूला धरायचे. ती दुसऱ्या हातात धरायची असते हे डॉक्टरीणबाईनं शिकवलं, आणि त्यांना ते फार आवडलं. "आधार तिकडून द्याचा, जिकडं दुखत नाई," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावायचे, जणू स्वतःच शोधून काढलंय. पण झीज कुणासाठी थांबते? आधी मांडी घालणं गेलं. मग पाय धुवायला हात पोचेना, काकू चपला घालून द्यायला लागल्या. मग झोप गेली. आणि त्या हिवाळ्यात उकिडवं बसणं गेलं.

मला ती दुपार आठवते. रोपं बांधायला आलेली. काकाजी वाफ्याच्या कडेला काठीवर उभे, हातात चाकू. हात अगदी शाबूत होते त्यांचे, पस्तिशीतल्या माणसासारखे स्थिर. आणि चीर द्यायची जागा खाली, जमिनीपासून वीतभर. मध्ये तेवढंच अंतर. ते खाली जायचा प्रयत्न करायचे, अर्ध्यातच तोंड वाकडं व्हायचं. तीनदा केलं. मग चाकू मिटून खिशात ठेवला आणि आत येऊन भिंतीकडे तोंड करून निजले. काकू वाफ्यातच बसून राहिल्या, मांडीवर पट्ट्यांचा जुडगा. त्या वर्षी रोपं बांधल्याविना राहिली. मला आयुष्यात इतकं हतबल कधी वाटलं नव्हतं.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की सांधा बदलावा लागेल. त्यांनी टेबलावर नमुना ठेवला. धातूची निमुळती दांडी, तिच्या टोकावर चेंडू, आणि वेगळी एक वाटी. झिजलेला चेंडू कापून काढायचा, दांडी मांडीच्या हाडात ठोकून बसवायची, वाटी कमरेत बसवायची.

काकाजींनी नमुना हातात घेतला आणि चेहरा एकदम उजळला. "अजी साहेब, हे तं कलमच झालं! खुंट माह्या, डोळा तुमचा. पन धरते का?"

डॉक्टर भला माणूस. त्यानं दांडीच्या वरच्या भागावरून काकाजींचं बोट फिरवलं. "हे खडबडीत आहे बघा. मुद्दाम तसं केलंय. तुमचं हाड हळूहळू याच्यात शिरतं आणि पकडून ठेवतं. काही महिने लागतात."

"अन उकिडवं?"

"ते विसरा. चालाल, जिने चढाल, रात्री झोपाल. पण उकिडवं बसणं नाही, मांडी नाही. सांधा निखळू शकतो."

काकाजींचं बोट दांडीवर थांबलं. "मंग चालत जाऊन करू काय वाफ्यात?" त्यांनी अगदी हळू विचारलं. काकू म्हणाल्या, "पहिले चाला तं खरं. मंग पाहू."

ऑपरेशनच्या वेळी कमरेत इंजेक्शन दिलं होतं, त्यामुळे काकाजी अर्धवट जागे होते. त्याचं वर्णन ते पुढे कितीतरी वर्षं करायचे, प्रत्येक वेळी तसंच, डोळे मिटून. "दूर कोनीतरी खुंटा ठोकून राह्यलं होतं, मॅडम. ठक. ठक. मले वाटे म्या आपल्याच वाफ्यात बसलो, अन शेजारच्या वावरात कोनी बैलाचा खुंटा ठोकून राह्यलं. ऊन लागे अंगाले. म्या इचारलं, कोन हाये रे? तं साहेब म्हने, मीच आहे काकाजी. मंग म्या म्हटलं, ठोका, ठोका, जंबेरी हाये, काई होत नाई."

इथवर सगळं ठीक. खरा गोंधळ दुसऱ्या दिवशी झाला.

व्यायाम शिकवणारी मुलगी वॉकर घेऊन आली. "चला काकाजी, उठायचं. आज चार पावलं."

"नाई," काकाजी म्हणाले.

तिला वाटलं घाबरले. गोड बोलली, हात धरला. काकाजींनी हात सोडवून घेतला. "बाई, कालच बांधलं हाये. एकवीस दिवस हात लावाचा नाई."

आधी सगळे हसले. नर्स हसली, शेजारच्या पलंगावरचे गृहस्थ हसले. मीही हसले, देवाशप्पथ, मला काही सुचलं नाही. डॉक्टर आले, त्यांनी समजावलं की नुसतं पडून राहिलं तर पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होते, ती छातीत गेली तर जीवावर बेतेल. काकाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडले. "साहेब, तुमचा हात चांगला हाये, म्या पाह्यलं. तुम्ही तुमचं काम केलं. आता हलवलं तं डोळा सरकते. चाळीस वर्सांत म्या एकबी डोळा हलवून नाई पाह्यला. माह्या पायाचा काऊन हलवू?"

संध्याकाळपर्यंत तेच. तिसऱ्या दिवशी सकाळीही तेच. पोटरी दाबली तर कण्हत होते. नर्सनं टेपनं पोटरी मोजली, ती सुजली होती, आणि आता कुणी हसत नव्हतं. मी खूप बडबडले. रागावले, विनवलं, शेवटी ओरडले, "मरायचंय का तुम्हाला?" त्यांनी माझ्याकडे ज्या मायेनं पाहिलं ना, जशी मीच अडाणी आणि तेच मला समजून घेताहेत. माझं त्यांच्यावर किती प्रेम होतं हे मला त्या खोलीत, त्या संतापात कळलं. मी बाहेर जाऊन भिंतीला टेकून रडले.

काकू दोन दिवस कोपऱ्यात स्टुलावर बसून होत्या. मी परत आत आले तेव्हा त्या उठून पलंगाजवळ उभ्या होत्या.

"अजी," त्या म्हणाल्या, "डोळा बांधला का मी वाफ्याले पानी बंद करतो का?"

काकाजींनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"सांगा ना. बंद करतो?"

"नाई."

"काऊन नाई?"

"रस चालला नाई तं डोळा वाळते."

"मंग? डोळ्याले कोनी हात लावून नाई राह्यलं. थो आत हाये, टाके मारून बंद केलेला. पन खुंटाले तं पानी लागनच ना? चिरा द्याचं काम तुमचं, पानी द्याचं माह्यं. चाळीस वर्सांत तुम्ही मले कदी म्हटलं का, की पानी नको देऊ? आता पान्याचा टाइम झाला. उठा."

काकाजींनी पायाकडे पाहिलं, मग काकूंकडे.

"हे तुनं कालच काऊन नाई सांगतलं?" ते म्हणाले.

"तुम्ही इचारलं कदी?"

आणि उठले. वॉकरवर हात ठेवून, ओठ दाबून, चार पावलं दारापर्यंत आणि चार परत. ती व्यायामवाली मुलगी टाळ्या वाजवायला लागली. काकू मागून गाऊनची नाडी धरून चालत होत्या, वाफ्यात चालायच्या तशाच, एक पाऊल मागे. पोटरीची सूज पुढे उतरली, गाठ-बिठ झाली नाही.

उकिडव्याचा प्रश्नही काकूंनीच सोडवला. पिशवीतल्या रोपांची काकाजींना भारी चीड. "पिशवीतलं झाड म्हन्जे हॉस्टेलातलं पोरगं," म्हणायचे, "मातीच माहीत नाई त्याले." ते नागपुरात असतानाच काकूंनी पुतण्याला कामाला लावलं, फरशीचे तुकडे रचून कमरेएवढा उंच ओटा बांधून घेतला, आणि जंबेरीची रोपं वाफ्यातून काढून पिशव्यांत भरून त्यावर मांडली. शेजारी एक उंच स्टूल. काकाजी आले, काठी टेकून बराच वेळ ओट्याकडे बघत उभे राहिले. मला वाटलं आता आकांडतांडव होणार. त्यांनी एका रोपाची साल नखानं किंचित उचलून पाहिली.

"साल सुटून राह्यली," एवढंच म्हणाले, म्हणजे रोप बांधायला आलं होतं.

बसले मात्र एकवीस दिवसांनी. नवं स्टूल होतं ना.

मग पुन्हा हिवाळ्यातल्या त्या दुपारी. काकाजी स्टुलावर, काकू उभ्या, ऊन, सालीचा वास, आणि पायरीवर माझ्या न तपासलेल्या वह्या. दुखणं गेलं होतं. पण एक गोष्ट त्यांच्या मनातून जाईना. दर वर्षी तपासणीला नागपूरला जायचो, डॉक्टर फोटो दाखवून म्हणायचे, "छान धरलंय हाडानं." परतीच्या बसमध्ये काकाजी खिडकीबाहेर बघत पुटपुटायचे, "फोटोत तं कोनीबी चांगलंच दिसते. पट्टी सोडून पाह्यल्याबिगर म्या नाई मानत." घरी मांडीवर हात ठेवून बसायचे आणि मला विचारायचे, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या. खरं सांगा, धरलं असन का?" मी म्हणायची, अहो, चालताय ना रोज? "चालनं अलग," ते म्हणायचे. "मेलेला डोळाबी पट्टीत असला का बसूनच राह्यते. सोडल्यावर कळते." जगातल्या सगळ्या कलमांचं त्यांना कळायचं, फक्त स्वतःच्या एका कलमाचं नाही. याचं त्यांना खरंच वाईट वाटायचं.

आठ वर्षं ते त्या पायावर चालले. गेले तेही हिवाळ्यात, दुपारी, स्टुलावर, चाकू हातात. काकूंना वाटलं डुलकी लागली. त्या नेहमीसारख्या पट्टी हातात घेऊन थांबल्या. बराच वेळ थांबल्या. मी पायरीवरून बघत होते आणि मलाही काही वेगळं वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी अस्थी गोळा करायला आम्ही नदीकाठी गेलो. काकू, पुतण्या आणि मी. थोडं धुकं होतं. पुतण्यानं राख सारली तशी ती दांडी निघाली. काळवंडलेली, टोकावर चेंडू तसाच. वाटी थोडी पलीकडे. पुतण्या बिचकला. काकूंनी हात पुढे केला.

त्यांनी नदीवर नेऊन ती धुतली. राख गेली, काजळी गेली. दांडीच्या वरच्या खडबडीत भागावर पांढरं काहीतरी राहिलं. काकूंनी अंगठ्यानं घासलं, मग पदरानं घासलं. निघेना. हाड होतं ते. एवढ्या आगीतून जाऊन त्याचे कण त्या धातूत रुतून बसले होते.

काकूंनी दांडी उजेडात धरली, डोळे बारीक करून नीट न्याहाळली. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. राखेच्या त्या जागेकडे वळल्या, आणि वाफ्याच्या या टोकाहून त्या टोकाला सांगायच्या त्याच आवाजात म्हणाल्या,

"अजी, धरलं होतं!"